मोकळे चॅनल कोणाला मोकळे?

हल्ली बहुतेक शाळांच्या कार्यालयात भिंतीवर, नाहीतर कपाटाच्या डोक्यावर, एक-दोन शेंड्या उभारलेला छोटा डबा दिसतो. कोणी त्याला राउटर म्हणतो, कोणी नुसते वायफाय. तांत्रिक भाषेत तो अ‍ॅक्सेस पॉइंट. तारेतून आलेले इंटरनेट रेडिओ तरंगांच्या साहाय्याने आसपासच्या संगणकांना आणि फोनना पोहोचवायचे, एवढे त्याचे काम. ते काम तो कसे करतो याचे स्पष्टीकरण यंत्रासोबतच्या पुस्तिकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि संगणकाच्या तासालाही साधारण एकाच साच्यातले आढळते. त्या साच्यातली तीन वाक्ये पाहा.

एक : वायफायचे चॅनल म्हणजे रस्त्यावरच्या लेन, गर्दी असेल तर दुसऱ्या लेनमध्ये जावे.

दोन : चॅनल ‘ऑटो’वर ठेवावे, यंत्र सर्व चॅनल तपासून सर्वांत मोकळे चॅनल आपोआप निवडते.

तीन : महत्त्वाच्या माहितीला यंत्र प्राधान्य देते, रुग्णवाहिकेला जशी वाट मिळते तसे.

या तिन्ही वाक्यांत तथ्य आहे. ती निव्वळ खोटी असती तर त्यांच्यावर एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. पण प्रत्येक वाक्य एक प्रश्न झाकून ठेवते आणि तिन्ही प्रश्न विज्ञानशिक्षकाच्या जिव्हाळ्याचे आहेत. मोजले काय, मोजले कुठे, आणि मोजले केव्हा? प्रयोगशाळेत तापमापी द्रवात नीट बुडाली आहे का हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. ‘ऑटो’ लिहिलेल्या डब्यापुढे मात्र आपण मोजमापाचे हे साधे नियम विसरतो. म्हणून या वाक्यांची थोडी चिकित्सा करू.

बाकावरचे आकडे

आधी लेनची उपमा. वायफायचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक गजबजलेला पट्टा म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. अमेरिकेत १९८५ साली हा आणि आणखी दोन पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले झाले. आपल्याकडे २००५ च्या अधिसूचनेनंतर या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याची गरज राहिली नाही. पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात १ ते १३ असे चॅनल आखलेले आहेत. चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, चॅनल २ चा २४१७ वर, असे पाच-पाचच्या अंतराने चॅनल १३ चा मध्य २४७२ वर येतो.

आता गंमत अशी, की दोन चॅनलांच्या मध्यांत अंतर ५ मेगाहर्ट्झ आहे, पण वायफायच्या एका प्रक्षेपणाला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. चॅनल १ वर बोलणारे यंत्र २४०२ पासून २४२२ पर्यंत पसरते. चॅनल ३ वरचे यंत्र २४१२ ते २४३२ व्यापते. म्हणजे दोघांची निम्मी जागा सामाईक झाली. लेनमध्ये असे होत नाही. लेन बदलली की शेजारच्या गाडीचा धक्का लागत नाही, हीच तर लेनची व्याख्या.

लेनपेक्षा शाळेतला बाक जास्त उपयोगी पडेल. एका लांब बाकावर वीतवीत अंतरावर १ ते १३ आकडे रंगवले आहेत असे समजा. बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मात्र चार विती जागा लागते. आकडे तेरा असले तरी तेरा मुले बसणार नाहीत. एकमेकांना कोपर न लागता किती बसतील? हिशेबाने १, ५, ९ आणि १३ या आकड्यांवर चौघे बसतात. परंतु रेडिओ तरंगांची कड सुरीने कापल्यासारखी सरळ नसते, थोडी सांडलवंड दोन्ही बाजूंना होतेच. शिवाय १९९९ च्या मानकातील प्रक्षेपण २२ मेगाहर्ट्झ रुंद होते आणि अमेरिकेत १२ व १३ हे चॅनल सहसा वापरत नाहीत. यातून १, ६ आणि ११ ही त्रयी रूढ झाली. त्यांचे मध्य २५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत.

एखाद्याने हुशारीने ५ निवडले, तर १ वाल्याला त्याचा त्रास थोडा होईल. ६ वाल्याच्या तर तो जवळजवळ मांडीवरच बसेल. म्हणजे १, ६, ११ ही निसर्गाने आखलेली विभागणी नाही. तो एक संकेत आहे आणि शेजाऱ्यांनी पाळला तरच त्याला अर्थ आहे. लेनच्या उपमेत ही गोष्ट पूर्णपणे हरवते, कारण लेन कोणीतरी आधीच रंगवून ठेवलेली असते.

आधी ऐका, मग बोला

दुसऱ्या वाक्याकडे वळण्यापूर्वी एका चॅनलवर अनेक यंत्रे कशी नांदतात हे पाहायला हवे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहा’ नावाचे रेडिओ जाळे सुरू केले. त्यात प्रत्येक केंद्र वाटेल तेव्हा बोलत असे. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचाही संदेश वाया जाई आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवावा लागे. अशा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो असे गणिताने दाखवता येते (१ भागिले २ई). यावर उपाय म्हणजे बोलण्यापूर्वी ऐकणे. वायफायच्या १९९७ च्या पहिल्या मानकापासून ही शिस्त त्याच्या पायाशी आहे.

पण ‘ऐकणे’ याचे दोन प्रकार आहेत आणि इथेच खरी मेख आहे. आपल्याच चॅनलवर दुसरे वायफाय यंत्र बोलू लागले तर त्याच्या संदेशाची सुरुवात ओळखता येते. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या प्रक्षेपणासाठी मानक सांगते की असा संदेश उणे ८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी तो ओळखून थांबावे. उणे ८२ डीबीएम म्हणजे सुमारे ६.३ पिकोवॅट, एका वॅटच्या लाखकोटीव्या भागाच्या सहापट. उलट, जे वायफाय म्हणून ओळखू येत नाही, नुसता गोंगाट म्हणून येते, त्यासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. फरक २० डेसिबेलचा, म्हणजे शंभर पटींचा.

याचा परिणाम पाहा. तुमचे यंत्र चॅनल १ वर आहे आणि शेजारचेही १ वरच आहे. दोघे एकमेकांची भाषा ओळखतात, क्षीण आवाजालाही मान देतात, आळीपाळीने बोलतात. वेग कमी होतो, पण काम चालते. आता शेजाऱ्याने यादी पाहिली, चॅनल ३ वर कोणीच दिसले नाही, म्हणून तो ३ वर गेला. त्याचे निम्मे प्रक्षेपण तुमच्या जागेत सांडते, पण ते आता ओळखू येत नाही. तो शंभरपट मोठ्याने ओरडेपर्यंत तुमचे यंत्र थांबत नाही आणि त्याचेही तुमच्यासाठी थांबत नाही. दोघांचे संदेश बिघडतात, पुन्हा पाठवावे लागतात. यादीत मोकळे दिसणारे चॅनल सर्वांच्या त्रासाचे ठरते ते असे. एका वर्गात दोन मुले मराठीत बोलत असतील तर एकमेकांसाठी थांबतात. भिंतीपलीकडून येणारा अस्पष्ट गलका मात्र कोणाचे बोलणे म्हणून कोणी मोजत नाही.

‘ऑटो’ची तीन मोजमापे

आता ‘ऑटो’. यंत्र सर्व चॅनल तपासते, हे खरे. पण कसे?

साध्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये प्रत्येक पट्ट्यासाठी एकच रेडिओ असतो. तो एका वेळी एकाच चॅनलवर असू शकतो. प्रत्येक वायफाय जाळे आपली ओळख सांगणारा छोटा संदेश ठरावीक अंतराने पाठवत असते; हे अंतर साधारणपणे १०२.४ मिलिसेकंद ठेवलेले असते. म्हणजे एका चॅनलवर कोण आहे हे नुसते ऐकून खात्रीने कळायला निदान तेवढा वेळ तिथे थांबले पाहिजे. तेरा चॅनलांना सुमारे १.३ सेकंद. हा वेळ आपल्याला नगण्य वाटेल, पण तेवढ्या वेळात त्या यंत्राला आपल्या ग्राहकांशी बोलता येत नाही. चालू असलेल्या दूरसंभाषणात सव्वा सेकंदाची खोट सहज जाणवते. महागड्या यंत्रांत नुसते ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ बसवतात, किंवा थोड्या थोड्या वेळाने निसटते कान देतात. स्वस्त यंत्रे बहुधा सुरू होतानाच एकदा ऐकतात आणि निर्णय घेऊन मोकळी होतात.

इथे पहिला प्रश्न उभा राहतो : मोजले केव्हा? शिपाईदादांनी सकाळी साडेसहाला मुख्य बटण चालू केले, तेव्हा आसपास शांतता होती. यंत्राने त्या शांततेचे मोजमाप केले. साडेअकराला शेजारच्या बँकेत, दवाखान्यात आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत माणसे आली तरी निर्णय सकाळचाच राहिला. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा तर आणखी मौज. इमारतीतले सगळे डबे एकाच क्षणी जागे होतात, सगळे एकाच वेळी ऐकतात, आणि अजून कोणीच बोलत नसल्यामुळे प्रत्येकाला सगळे चॅनल मोकळे वाटण्याचा संभव असतो. जो तो आपल्या यादीतले पहिले चॅनल घेऊन बसला तर?

दुसरा प्रश्न : मोजले काय? एखाद्या चॅनलवर किती जाळी आहेत हे मोजणे सोपे आहे, कारण प्रत्येक जाळे आपले नाव सांगते. पण दहा निजलेल्या जाळ्यांपेक्षा सतत चित्रफीत ओढणारे एकटे जाळे जास्त जागा अडवते. डोकी मोजण्यापेक्षा बोलण्याचा वेळ मोजला पाहिजे. चॅनल किती वेळ व्यापलेले होते हे सांगण्याची सोय २००५ च्या ८०२.११-ई या मानकात आली. यंत्र ० ते २५५ या मापात ते जाहीर करू शकते. पण सर्व यंत्रे ते जाहीर करतात किंवा निवडीत धरतात असे नाही. आणि जे वायफायच नाही त्याचे काय? घरगुती मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणजे नेमकी या पट्ट्याच्या मध्यावर. ती काही आपले नाव सांगत नाही. नावांच्या यादीत ती कधीच सापडणार नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मोजले कुठे? डबा कार्यालयात आहे. त्याने कार्यालयात ऐकले. मुलगी मात्र आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली आहे आणि तिच्या खिडकीला लागून असलेल्या घरातले यंत्र तिच्या टॅबला ठणठणीत ऐकू येते. मधल्या तीन भिंतींमुळे डब्याला ते ऐकूच येत नाही. डब्याच्या दृष्टीने चॅनल मोकळे. मुलीच्या दृष्टीने ते भरलेले. रेडिओ जाळ्यांतील हा दोष नवा नाही. एकमेकांना न ऐकू येणारी दोन केंद्रे तिसऱ्याच्या कानी कशी आदळतात, याचे विवेचन फुआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच केले होते. पुढे २००८ च्या ८०२.११-के या मानकाने अ‍ॅक्सेस पॉइंटला अशी मुभा दिली की तो ग्राहकालाच विचारू शकेल, ‘तुझ्या जागी काय ऐकू येते?’ अशी सोय करावी लागली यातच डब्याच्या एकट्या कानावर विसंबता येत नाही याची कबुली आहे.

या तिन्हींवर कडी करणारी गोष्ट म्हणजे ‘ऑटो’वर असलेला शेजारीही ‘ऑटो’वरच असतो. दोन यंत्रे चॅनल १ वर आहेत, दोघांनाही ६ मोकळे दिसले, दोघेही एकदम ६ वर गेले. आता १ मोकळे दिसते. दोघेही परत १ वर. बसच्या दारात दोन सभ्य गृहस्थ एकमेकांना वाट देताना जसे अडकतात तसे हे. प्रत्येकाने हलण्यापूर्वी वेगवेगळा यादृच्छिक वेळ थांबायचे ठरवले तर हे टळते. परंतु २.४ गिगाहर्ट्झमध्ये कोणते चॅनल निवडावे, कोणत्या सूत्राने आणि किती वेळाने फेरविचार करावा, याची सक्ती मानकाने केलेली नाही. ते निर्मात्यावर सोडले आहे. म्हणजे ‘ऑटो’ हा शब्द सर्व डब्यांवर एकच असला तरी त्याचा अर्थ डब्यागणिक वेगळा असू शकतो.

जिथे ऐकणे सक्तीचे आहे

ऐकण्याची सक्ती असते तेव्हा चित्र कसे बदलते हे पाहायचे तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे जावे. या पट्ट्यातील काही भाग रडारही वापरते. हवामान रडारांपैकी काही ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर काम करतात. अमेरिका व युरोपातील नियमांप्रमाणे या सामाईक भागात बसण्यापूर्वी अ‍ॅक्सेस पॉइंटने निदान ६० सेकंद नुसते ऐकायचे. युरोपात हवामान रडारच्या भागासाठी तर १० मिनिटे. पुढे काम चालू असताना रडारचा स्पंद आढळला तर १० सेकंदांच्या आत चॅनल सोडायचे आणि ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग खुला झाला. त्यात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा भागही आहे. त्यामुळे हे चॅनल आपल्या यंत्रांच्या यादीतही दिसतात.

हे नियम काटेकोर का आहेत? २००९ साली पोर्तो रिकोतील सान हुआन येथे विमानतळाच्या हवामान रडारला बाहेरच्या प्रक्षेपणांचा उपद्रव होऊ लागला. हे रडार विमाने उतरताना धोकादायक ठरणारे वाऱ्याचे आकस्मिक बदल टिपण्यासाठी असते. शोध घेता उपद्रवाचे मूळ ५ गिगाहर्ट्झवरील बिनतारी जोडण्यांच्या यंत्रांत सापडले. रडार ओळखून बाजूला होण्याची व्यवस्था अपेक्षेप्रमाणे काम करत नव्हती. आपल्या डब्याने नीट ऐकले नाही तर आपले चित्र अडखळते; तिथे वैमानिकाला मिळणारी सूचना अडखळू शकते.

रडारच्या बाबतीत ‘प्राधान्य’ या शब्दाला खरा अर्थ आहे. कोण आधी हे कायद्याने ठरले आहे, किती वेळ ऐकायचे हे ठरले आहे, आणि न ऐकल्यास दोष कोणाचा हेही ठरले आहे. आपल्या वर्गातील प्राधान्याचे काय?

रुग्णवाहिका की फासे?

तिसरे वाक्य सांगते, महत्त्वाच्या माहितीला वाट मिळते. ही व्यवस्थाही २००५ च्या मानकातलीच. माहितीचे चार वर्ग केलेले आहेत : आवाज, चित्रफीत, सर्वसाधारण आणि सावकाशीची. पण यांतले कोणीही आले म्हणून दुसऱ्याचे चालू बोलणे मध्येच तोडले जात नाही. होते ते असे. चॅनल मोकळे झाले की प्रत्येकाने आपल्या वर्गानुसार थोडे थांबायचे, मग एक यादृच्छिक संख्या निवडून तितके कप्पे मोजायचे. एक कप्पा ९ मायक्रोसेकंदांचा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ग्राहक यंत्रांना नेहमीच्या मांडणीत आवाजासाठी सुरुवातीची थांबणूक ३४ मायक्रोसेकंद, सर्वसाधारण माहितीसाठी ४३, सावकाशीच्या माहितीसाठी ७९. पुढे आवाजवाला ० ते ३ मधून संख्या निवडतो, सर्वसाधारणवाला ० ते १५ मधून.

म्हणजे ही रुग्णवाहिका नसून फाशांचा खेळ आहे. एकाच्या बाजूने फासे झुकवलेले आहेत इतकेच. एक आवाजवाला आणि एक सर्वसाधारणवाला समोरासमोर आले तर शक्यता ४ गुणिले १६ म्हणजे ६४. आवाजवाल्याला एका कप्प्याची आघाडी आहे हे धरून मोजले, तर ६४ पैकी ५८ वेळा तो आधी बोलतो, ३ वेळा सर्वसाधारणवाला बाजी मारतो आणि ३ वेळा टक्कर होते. नववी-दहावीच्या मुलांना हे कोष्टक वहीत मांडून सहज पडताळता येईल.

खरी अडचण पुढे आहे. सगळेच आवाजवाले झाले तर? दोन सर्वसाधारण यंत्रांनी एकच संख्या निवडण्याची संभाव्यता १६ त एक. दोन आवाजवाल्यांची ४ त एक. प्राधान्य मागणारे वाढले की टकराही वाढतात. लग्नाच्या पंगतीत घरची माणसे ‘आम्हाला घाई आहे’ म्हणून आधी बसतात ते चालते. निम्मा मांडव घाईचा निघाला की पंगत मोडते. प्राधान्यामुळे एकूण जागा वाढत नाही, फक्त वाटणी बदलते. चित्रफितीला पुढचे पान मिळाले म्हणजे कोणाच्या तरी परीक्षा-अर्जाला मागचे मिळाले. कोणती माहिती ‘महत्त्वाची’ हे ठरवतो कोण? बहुधा ती पाठवणारा कार्यक्रम स्वतःच तशी चिठ्ठी लावतो. शिक्षकाला कोणी विचारलेले नसते.

शिवाय या चिठ्ठीने न सुटणारी एक असमानता आहे. १५०० बाइट्सचा संदेश म्हणजे १२,००० बिट्स. सेकंदाला ५४ मेगाबिट या वेगाने तो सुमारे ०.२२ मिलिसेकंदात जातो. १ मेगाबिटच्या वेगाने त्याला १२ मिलिसेकंद लागतात. लांब बसलेला, रेंज कमी असलेला फोन हळू बोलतो आणि तेवढा वेळ त्या चॅनलवरच्या इतर सर्वांना गप्प बसवतो. म्हणजे एका कोपऱ्यातल्या कमकुवत जोडणीची किंमत सगळा वर्ग मोजतो. २०२१ च्या ८०२.११-एएक्स मानकाने अ‍ॅक्सेस पॉइंटला आपल्या ग्राहकांचे वेळापत्रक आखण्याची बरीच सोय दिली. पण शेजारच्या डब्याच्या संदर्भात त्यालाही आधी ऐकावे आणि आपली पाळी मिळवावीच लागते.

मग वर्गात काय सांगावे?

या सर्वांचा निष्कर्ष ‘ऑटो’ बंद करा असा नाही. दर आठवड्याला शेजारी बदलतात अशा वस्तीत माणसाने हाताने ठरवलेले चॅनलही शिळे होते. आमचा आक्षेप यंत्रापेक्षा त्या स्पष्टीकरणावर आहे. ते ऐकून शिक्षक असा समज करून घेतो, की यंत्राने सर्व पाहिले आहे, तरीही अडखळते म्हणजे डबा जुना झाला. नवा, जास्त शक्तीचा घ्यावा. शाळेचे पैसे खर्च होतात, मोठ्याने बोलणारा आणखी एक डबा वस्तीत येतो, आणि सगळ्यांचीच पंगत आणखी दाटते. ज्या मुलीला डबा ऐकू येत होता पण तिचा टॅब डब्यापर्यंत पोहोचत नव्हता, तिची स्थिती नव्या डब्याच्या ताकदीने सुधारत नाही. तिच्या टॅबची ताकद तेवढीच राहते.

त्याऐवजी काही साध्या गोष्टी करून पाहता येतील. प्रयोगशाळेतल्या जागचे न हलणाऱ्या संगणकांना तार जोडावी. तेवढे चॅनल मोकळे होते. डबा कार्यालयाच्या कपाटावरून जिथे मुले बसतात तिथे आणावा. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली की बाकावर एकाच मुलाने आठ विती अडवल्या. आणि मोजमाप मुलांनी करावे : चॅनलांची यादी दाखवणारे साधन फोनवर घेऊन सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला, कार्यालयात आणि शेवटच्या बाकावर. सहा नोंदींचे कोष्टक फळ्यावर लिहिले की ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे प्रश्न वेगळे शिकवावे लागत नाहीत. ‘काय मोजले नाही’ हा प्रश्न मात्र शिक्षकाने विचारावा. त्या यादीत मायक्रोवेव्ह भट्टी का नाही, असा.

गणिताच्या तासालाही काम आहे. शाळेचा आणि आसपासच्या इमारतींचा नकाशा काढा. प्रत्येक डब्यासाठी एक ठिपका. जे डबे एकमेकांना ऐकू येतात त्यांना रेषेने जोडा. आता १, ६ आणि ११ असे तीन रंग देऊन जोडलेल्या ठिपक्यांना वेगळे रंग देता येतात का पाहा. चार डबे परस्परांना ऐकू येत असतील तर तीन रंग पुरणार नाहीत, हे कोणीही पडताळू शकेल. तेव्हा दोघांनी एकच चॅनल वाटून घ्यायचे. आणि तो वाटा एकाच चॅनलवर घेतलेला बरा, मधल्या ३ किंवा ४ वर जाऊन नव्हे. कोणी कोणाबरोबर वाटायचे हे ठरवायला मात्र शेजारच्या दवाखान्यात जाऊन बोलावे लागेल. तेवढे कोणताही ‘ऑटो’ करत नाही.

सुरुवातीच्या तीन वाक्यांच्या जागी पुढील तीन वाक्ये वर्गात वापरता येतील, असे आम्ही सुचवतो. चॅनल म्हणजे एका बाकावरचे जवळजवळ रंगवलेले आकडे, आणि बसणाऱ्याला चार आकड्यांची जागा लागते. ‘ऑटो’ म्हणजे डब्याने आपल्या जागी, आपल्या वेळी, आपल्याला ओळखता आले तेवढे ऐकून केलेला अंदाज. प्राधान्य म्हणजे झुकवलेले फासे. त्यांनी कोणाचा तरी वाटा कमी होतो. ही वाक्ये आधीच्यांपेक्षा थोडी लांब आहेत. पण ती सांगितल्यावर मुले पुढचा प्रश्न विचारू शकतात.